शपथ नको, उत्तर द्या

हा इशारा आहे, निवेदन नव्हे. निवेदनं देऊन झाली, त्यांच्या पोचपावत्या आमच्या फायलीत पडून आहेत. येत्या २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन. नेहमीप्रमाणे शाळेच्या मैदानावर मुलांना हात पुढे करून शपथ घ्यायला लावतील, प्रभातफेरी निघेल, पाहुण्यांचा सत्कार होईल आणि त्याच संध्याकाळी मागच्या गल्लीत पुडी मिळेल. उत्तर आलं नाही, तर यंदा आमची मुलं त्या मैदानावर शपथ घ्यायला उभी राहणार नाहीत. त्या तारखेच्या आत सरकारने, जिल्हा प्रशासनाने, पोलिसांनी आणि आरोग्य खात्याने आम्हाला लेखी उत्तर द्यायचं आहे. कशाचं, ते खाली लिहिलं आहे.

आम्ही कुठल्या पक्षाचे नाही. व्यसनमुक्तीच्या कामात वर्षं घातलेले काही जण, नशेच्या पावडरीपायी घरातलं पोर गमावलेले आईबाप, आणि ती सोडून आज रिक्षा चालवणारी, नोकरी करणारी, पुन्हा कॉलेजात गेलेली मुलंमुली असे आम्ही एकत्र आलो आहोत. या शेवटच्यांचा उल्लेख मुद्दाम करते. सरकारी भाषणांत ही माणसं कधीच नसतात. तिथे नशा करणारा एक तर मरतो, नाही तर तुरुंगात जातो.

पहिला इशारा माल बनवणाऱ्यांना आणि त्यांना जागा देणाऱ्यांना.

नशा बाहेरून येते, हा आपला आवडता समज आहे. मेथ, म्हणजे मेथाम्फेटामाइन, बरंचसं खरोखरच बाहेरून येतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तटरक्षक दलाने अंदमानच्या समुद्रात म्यानमारची मासेमारी बोट पकडली, तिच्यात साडेपाच टनांहून जास्त मेथ होतं. पण आपल्या पोरांच्या नाकात जाणारी एमडी, म्हणजे मेफेड्रोन, आपल्या राज्यातही बनते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी विश्रांतवाडीच्या गोदामापासून माग काढत दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतला कारखाना गाठला. पुढे तपास सांगली आणि दिल्लीपर्यंत गेला. सगळा मिळून १,८०० किलोच्या आसपास माल, किंमत साडेतीन हजार कोटींच्या वर. त्याच्या चार महिने आधी नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला होता. त्याही आधी, एप्रिल २०१६ मध्ये, ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या एका औषध कंपनीतून सुमारे १८ टन एफेड्रिन जप्त केलं होतं. मेथ ज्या कच्च्या मालापासून करतात, तो हा.

हे काम अडाण्याचं नाही. त्याला रसायनशास्त्र शिकलेला माणूस लागतो, भट्टी लागते, वीज लागते, पाणी लागतं, टँकर लागतो, आणि मुख्य म्हणजे न बघणारे शेजारी लागतात. वर्षभर कुलूप असलेल्या शेडमध्ये अचानक रात्रपाळी सुरू होते, वीजबिल फुगतं, नाल्याला निराळाच उग्र वास यायला लागतो, हे गावाला कळत नाही असं कोणी सांगू नये. शेडमालकांनी ऐकून ठेवावं. आपल्या जागेत काय चाललंय हे माहीत असून ती वापरू दिली, तर अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याच्या कलम २५ खाली तुम्हालाही मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे. मेफेड्रोनच्या बाबतीत ५० ग्रॅमच्या वर गेलं की ते व्यापारी प्रमाण, म्हणजे किमान दहा वर्षं. पैसा पुरवणाऱ्यासाठी कलम २७-अ आहे, आणि या धंद्यातून उभी केलेली मालमत्ता जप्त करण्याचीही तरतूद आहे. भाडेकरू काय करतो ते आपल्याला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय यापुढे राहणार नाही, कारण ते तुम्हाला ठाऊक करून देण्याचं काम आम्ही अंगावर घेतलंय. संशयास्पद शेडची माहिती आम्ही मालकाला आणि पोलिसांना एकाच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवू.

प्रशासनाकडे पहिली मागणी याच संदर्भात आहे. प्रत्येक औद्योगिक वसाहतीतल्या बंद आणि भाड्याने दिलेल्या रासायनिक युनिटांची तपासणी करा आणि ती यादी संबंधित ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. कोणाच्या नावावर, कोणाला भाड्याने, शेवटची तपासणी कधी झाली, कोणी केली. अधिकाऱ्याच्या नावासकट.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त बोलायची आहे. शासनाने, शाळांनी, वर्तमानपत्रांनी आणि आम्ही कार्यकर्त्यांनीही या नशेची जी प्रतिमा उभी केली आहे, ती मुलांना वाचवत नाही.

"एकदा घेतली की संपलास." हे वाक्य भिंतींवर आहे, पथनाट्यात आहे, पोलिसांच्या व्याख्यानात आहे. आणि ते खरं नाही. अठरा वर्षांच्या पोराचा मित्र शनिवारी रात्री एमडीची लाईन ओढतो आणि सोमवारी वर्गात येऊन पहिल्या बाकावर बसतो. ते पोर हे डोळ्यांनी बघतं. त्या क्षणी आपल्या सगळ्या सांगण्याची किंमत शून्य होते. पुढे आपण त्याला जे खरं सांगणार असतो, तेही तो ऐकत नाही. मग त्याला माहिती देतो विकणारा: भूक मरते, पोट सपाट होतं, रात्रभर अभ्यास होतो, दारूसारखा वास येत नाही, घरी कळत नाही. मुंबईत दहा-बारा वर्षांपूर्वी ही पावडर "म्याव म्याव" नावाने कॉलेजांत पसरली ती याच जोरावर. फेब्रुवारी २०१५ पर्यंत तर ती एनडीपीएस कायद्याच्या यादीतच नव्हती.

मेथचाही इतिहास असाच आहे. १८९३ मध्ये नागाई नागायोशी या जपानी शास्त्रज्ञाने ते प्रथम बनवलं. १९३८ मध्ये जर्मनीत त्याच्या गोळ्या तरतरीसाठी म्हणून दुकानात मिळू लागल्या, जर्मनी आणि जपान या दोन्ही देशांच्या सैन्यांनी दुसऱ्या महायुद्धात त्या खाल्ल्या, आणि युद्धानंतर उरलेला साठा बाजारात आल्यावर जपानला १९५१ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. अमेरिकेत आजही काही मोजक्या आजारांसाठी डॉक्टर ते अगदी थोड्या प्रमाणात लिहून देऊ शकतात. म्हणजे तोच रेणू कधी टॉनिक, कधी औषध, कधी राक्षस. मुलांना हे सगळं मोबाइलवर दोन मिनिटांत सापडतं. राक्षसाची गोष्ट सांगून तुम्ही त्यांच्यासमोर टिकणार नाही.

खरं सांगितलं तरी ते पुरेसं भयंकर आहे. एमडीचा अंमल दोन-तीन तासांत उतरतो आणि उतरताना पुन्हा घ्यायची अशी ओढ लागते की एका रात्रीत पुडी संपते. मेथचा अंमल बारा-बारा तास राहतो. पुडीत काय आहे हे घेणाऱ्याला कळत नाही. एमडी समजून मेथ घेतलेला पोरगा दोन तासांनी सवयीने दुसरी लाईन ओढतो, तेव्हा पहिली अजून अंगात पूर्ण जोरात असते. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, अंग भट्टीसारखं तापतं. दोन-तीन रात्री झोप नाही, अन्न नाही. मग संशय सुरू होतो: खिडकीबाहेर पोलिस उभे आहेत, पंख्यात कॅमेरा आहे, आई जेवणात काहीतरी घालतेय. त्वचेखाली किडे फिरताहेत असं वाटून मुलं स्वतःला ओरबाडून काढतात. अशा वेळी घरचे "बाहेरचं झालंय" म्हणून भगताकडे नेतात. मुलाला त्या वेळी हवा असतो मानसोपचारतज्ज्ञ, अंधारी खोली आणि झोप. बहुतेकांचा हा भ्रम नशा थांबून झोप झाली की काही दिवसांत ओसरतो. काहींचा राहतो. आणि नशा थांबल्यावर जो काळोख मनात दाटतो, त्या पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत आत्महत्येचा धोका असतो. पालकांनी हे लक्षात ठेवावं, त्या दिवसांत मुलाला एकटं सोडू नये, आणि "आता सुधारलास ना, मग तोंड का पाडून बसलास" असं म्हणू नये.

मागच्या उन्हाळ्यात एका मुलीचा मला रात्री उशिरा फोन आला. तिच्या भावाला दोन मित्रांनी स्कूटरवर मध्ये बसवून एका रुग्णालयाच्या दारात आणलं होतं. मी पोचले तेव्हा तो कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचरवर होता. जबडा इतका आवळलेला की दातांवर दात घासल्याचा आवाज येत होता, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, कपाळ हाताला चटका बसावा इतकं गरम. केसपेपरवर "दारू" लिहिलं होतं, कारण मित्रांनी तसंच सांगितलं होतं. दारातल्या माणसाने "पोलिसांना बोलवावं लागेल" म्हणताच ते मित्र स्कूटर तिथेच टाकून पळाले होते. दारूडा म्हणून त्याला बाजूला ठेवलं होतं. बर्फ, सलाइन, शांत करणारं इंजेक्शन, जे पहिल्या दहा मिनिटांत व्हायला हवं होतं, ते खूप उशिरा झालं. तो वाचला. पण उष्णतेने स्नायू तुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात अडकलं आणि एकोणीस वर्षांच्या त्या मुलाला डायलिसिसवर घ्यावं लागलं.

त्या दोन मित्रांवर मला राग नाही. त्यांना आपण सगळ्यांनी मिळून जे शिकवलं होतं, तेच त्यांनी केलं. नशा म्हणजे तुरुंग, एवढंच त्यांनी ऐकलं होतं. मित्राला एमडी चढलीय हे सांगितलं की आपण आत जाणार, ही भीती त्यांच्या मैत्रीपेक्षा मोठी ठरली.

म्हणून दुसरी मागणी, आणि हिच्यात तडजोड नाही. राज्यातल्या प्रत्येक सरकारी आणि खासगी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाबाहेर मराठीत, मोठ्या अक्षरांत फलक लागला पाहिजे: नशेमुळे अत्यवस्थ झालेल्या माणसावर आधी उपचार होतील, कागदपत्रं नंतर. हे काही आमच्या मनचं नाही. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे की जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं काम आहे आणि पोलिसी सोपस्कारांसाठी ते थांबता कामा नये. त्याच फलकावर आणखी एक ओळ हवी: मदतीसाठी मित्राला घेऊन येणाऱ्यावर सेवनाचा गुन्हा दाखल केला जाणार नाही. यासाठी गृहखात्याने पोलिस ठाण्यांना लेखी आदेश द्यावेत. आणि एनडीपीएस कायद्यातलं कलम ६४-अ प्रत्येक ठाण्यात मराठीत लावा. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही, असं ते कलम सांगतं. ज्यांच्यासाठी ते लिहिलं, त्यांनाच त्याचा पत्ता नाही.

काही जण विचारतील, हे नशेला मोकळं रान देणं नाही का? नाही. आपल्याच देशात एड्स नियंत्रणाच्या सरकारी कार्यक्रमात, हेरॉइनची सुई टोचणाऱ्यांना निर्जंतुक सुया आणि ब्युप्रेनॉर्फिनचं पर्यायी औषध दिलं जातं, तेही सरकारी पैशाने. माणूस आज जिवंत राहिला आणि एचआयव्हीपासून वाचला, तर उद्या तो सोडू शकतो, एवढा साधा हा विचार आहे. ऐंशीच्या दशकात गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, मुंबई-पुण्यात हाहाकार उडवला तेव्हा डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण उभं केलं, तेही व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता. एमडी आणि मेथवर ब्युप्रेनॉर्फिनसारखं सर्वमान्य औषध अजून नाही. उपयोग होतो तो समुपदेशनाचा, घरच्यांच्या साथीचा, आणि नशा न घेतल्याचं तपासणीत दिसलं की छोटं बक्षीस देत जाणाऱ्या उपचारपद्धतीचा. म्हणूनच माणूस उपचाराच्या दाराशी टिकून राहणं इथे जास्त महत्त्वाचं आहे.

दुसरा इशारा त्या लोकांना, ज्यांनी व्यसनमुक्तीच्या नावाखाली कोंडवाडे उघडले आहेत. एसटीच्या मागे, भिंतींवर, विजेच्या खांबांवर तुमच्या जाहिराती आहेत: पेशंटला न कळवता नशा सोडवा, हमखास गुण. तुम्ही मुलांना रात्री गाडीत घालून उचलून नेता, खोलीत बांधून ठेवता, आईबापांना महिनाभर भेटू देत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून आलेले विकार येतात. त्या कायद्याने असं केंद्र राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदवणं बंधनकारक आहे आणि माणसाला साखळीने बांधायला सक्त मनाई आहे. नोंदणी असेल तर ती दारावर लावा. नसेल, तर २६ जूनपर्यंत तुमच्याकडची मुलं त्यांच्या घरच्यांच्या ताब्यात द्या. नंतर आम्ही आईबापांच्या सहीची तक्रार घेऊन प्राधिकरणाकडे जाणार आहोत, केंद्राच्या नावासह आणि फोटोंसह. आरोग्य खात्याने नोंदणीकृत केंद्रांची जिल्हावार यादी जाहीर करावी, ही तिसरी मागणी.

चौथी छोटी आहे. जप्त मालाच्या तपासणीत एमडीऐवजी किंवा एमडीबरोबर दुसरं काही घातक सापडलं, तर ते लगेच लोकांना सांगा. ती माहिती खटल्याच्या कागदांत राहून कुणाचा जीव वाचत नाही.

आता विकणाऱ्यांना. तुमच्यातले बरेच जण स्वतः घेणारे आहेत, स्वतःच्या पुडीसाठी दुसऱ्याला पुडी विकता. तुम्ही उपचाराला आलात तर आम्ही दारात उभे राहून घेऊ. आला नाहीत, शाळा-कॉलेजच्या आसपास दिसलात, तर नाव आणि गाडीचा नंबर लेखी देऊ. अंगाला हात लावणार नाही. जमाव करून मारणाऱ्यांना आमच्यात जागा नाही, आणि तसं कुणी आमच्या नावावर केलं तर त्याच्याविरुद्ध साक्ष आम्हीच देऊ.

आणि जे आज घेताहेत त्यांना. तुम्हाला हा इशारा नाही. सोडा, हे तर म्हणतेच. पण आज सुटत नसेल तर एकट्याने घेऊ नका. दारूबरोबर किंवा दुसऱ्या गोळ्यांबरोबर मिसळू नका. नवी पुडी आधीच्या पुडीइतकीच असेल असं धरून चालू नका, आणि अंमल जाणवत नाही म्हणून घाईने पुन्हा घेऊ नका. नाकाला लावायची नळी किंवा नोट दुसऱ्याची वापरू नका, त्यातून कावीळ-सी पसरते, आणि सुई तर अजिबात वाटून घेऊ नका. असुरक्षित संबंध आला असेल तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात जा, एचआयव्ही टाळण्याची औषधं तिथे मिळतात. कुणाचं अंग फार तापलं, छातीत कळ आली, झटका आला, बडबड वाढली, तर त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला, शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी द्या आणि १०८ लावा. डॉक्टरला खरं सांगा, काय घेतलं, किती, कधी. व्यसनमुक्तीसाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि मन फार खचलं असेल तर १४४१६. दोन्ही फुकट.

२६ जूनपर्यंत उत्तर आलं नाही, तर त्या दिवशीच्या कार्यक्रमांना आमच्या घरातलं एकही मूल जाणार नाही, आणि आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयाबाहेर वर लिहिलेल्या चार मागण्यांचे फलक घेऊन दिवसभर बसू. दुसऱ्या दिवशी माहितीच्या अधिकारात चारही विषयांचे अर्ज प्रत्येक तालुक्यातून पडतील. त्यांची मुदत तीस दिवसांची. १५ ऑगस्टच्या ग्रामसभांत बंद रासायनिक शेडच्या तपासणीचे ठराव मांडले जातील. तोवर हालचाल झाली नाही, तर ती सगळी कागदपत्रं, अर्ज, उत्तरं आणि न आलेली उत्तरं जोडून आम्ही मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल करू. वकील ठरलेले आहेत.

उत्तर लेखी हवं, सही-शिक्क्याचं, जबाबदार अधिकाऱ्याच्या नावाचं आणि प्रत्येक मागणीपुढे तारीख लिहिलेलं. फोनवरचं आश्वासन, समिती नेमल्याची बातमी किंवा जप्त केलेल्या पिशव्यांमागे उभ्या अधिकाऱ्यांचा फोटो, यातलं काहीही आम्ही उत्तर म्हणून धरणार नाही.